शिल्लक एक

आमची बारावी परीक्षा न देताच झाली. २०२१ ची बॅच. कोरोनामुळे बोर्डाने परीक्षा रद्द केली आणि दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के, बारावीच्या वर्षातल्या अंतर्गत गुणांचे ४० टक्के असं वजन लावून निकाल काढला. मला ८८ टक्के पडले. गावात भेटेल तो 'कोरोना पास' म्हणायचा आणि मी कसनुसं हसायचे. ते ८८ नेमके कसे आले, हे मी बसून कधी काढून बघितलं नाही. आले ना, झालं. पुढची तीन वर्षं जिने दोनशे पानी वह्या सरासरी काढण्यात भरवल्या, तिची सुरुवात ही अशी.

पुण्यात बीएस्सीला प्रवेश मिळाला. कॉलेज अनुदानित, त्यामुळे फी झेपण्यासारखी होती. खरा खर्च हॉस्टेलचा आणि मेसचा. अण्णा एसटीत कंडक्टर, लातूर जिल्ह्यातल्या एका डेपोत. मी पुण्याला निघायची आणि एसटीचा संप सुरू व्हायची एकच गाठ पडली. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला तो संप एप्रिल २०२२ पर्यंत रेटला. कंडक्टरची मुलगी ट्रॅव्हल्सच्या गाडीने, सांगतील ते भाडं मोजून पुण्याला आली आणि मागे घरात पगार बंद. ते सहा महिने आईच्या शिवणयंत्रावर निघाले. फोनवर ती कधी बोलली नाही, पण मागून मशीनचा आवाज रात्री अकरालाही यायचा.

म्हणून हॉस्टेलच्या फळ्यावर एका न्यासाच्या शिष्यवृत्तीचा कागद दिसला तेव्हा मी पहिल्याच दिवशी अर्ज नेऊन दिला. मुलाखत झाली, बारावीचे मार्क बघितले, उत्पन्नाचा दाखला बघितला. वर्षाला ३६,००० रुपये मंजूर झाले, १८,००० चे दोन हप्ते. मंजुरीच्या पत्रात खाली दोन अटी होत्या. प्रत्येक शैक्षणिक वर्षाअखेर सीजीपीए, म्हणजे तोवरच्या सगळ्या सत्रांची मिळून दहापैकी सरासरी, किमान ७.५० असावा. कोणत्याही विषयात अनुत्तीर्ण नसावे.

मी आईला फोनवर सांगितलं, "साडेसात म्हणजे पंच्याहत्तर टक्के. पडतात गं तेवढे."

या एका वाक्यात किती चुका होत्या, ते कळायला मला दीड वर्ष लागलं.

पहिलं सत्र ऑनलाइन झालं. मोबाइलवर पर्याय टिचकवायचे. मला ९.०२ पडले आणि त्यात काही विशेष नव्हतं, आमच्या मजल्यावर निम्म्या मुलींना नऊच्या वर होते. मग दुसरं सत्र आलं ते ऑफलाइन, कागदावर. दोन वर्षं कुणी सलग दोन तास पेनाने लिहिलेलं नव्हतं. माझी तर तिसऱ्या पानावर बोटं आखडायची. गणिताच्या पेपरला बाहेर आल्यावर कुणी कुणाला 'कसा गेला' विचारलं नाही, यावरून काय ते समजा.

निकालात आधी विषयवार ग्रेड दिसले. दहा पॉइंटची पद्धत: ८० टक्क्यांच्या वर ओ म्हणजे १०, सत्तरीत ए प्लस म्हणजे ९, साठीत ए म्हणजे ८, मग ५५ ला ७, ५० ला ६, ४५ ला ५, ४० ला ४ आणि त्याखाली एफ म्हणजे भोपळा. माझे बारा ग्रेड होते, आठ लेखी पेपरचे आणि चार प्रॅक्टिकलचे. लेखीत ७, ६, ६, ५, ४, ५, ६, ७. प्रॅक्टिकलला ९, ९, ८, ९. मी बेरीज केली, ८१. भागिले १२. ६.७५.

दोन दिवसांनी छापील गुणपत्रिका आली. तिच्यावर एसजीपीए, म्हणजे त्या एका सत्राची सरासरी, ६.५७.

मला वाटलं, आकडे उलटसुलट टाइप झाले. पंच्याहत्तरचे सत्तावन्न! इतकी उघड चूक. मी तावातावाने परीक्षा विभागाच्या खिडकीवर गेले. तिथल्या मॅडमनी गुणपत्रिका हातातही घेतली नाही. "मागे सूत्र छापलंय, ते वाच," म्हणाल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. मागे खरंच बारीक अक्षरात सूत्र होतं. क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. मी ते तीन वेळा वाचलं. शब्द कळत होते, माझे १८ शतांश कुठे गेले ते कळत नव्हतं.

रात्री अण्णांना फोन केला. संप मिटून ते कामावर रुजू झालेले. मला वाटलं होतं ते म्हणतील, मला काय कळतंय त्यातलं. पण त्यांनी विचारलं, "समद्या पेपरांचं वजन सारखं हाय का?"

"नाही. लेखीला २ क्रेडिट, प्रॅक्टिकलला दीड."

"मग? गाडीत बारा माणसं बसली म्हणून गल्ला बारा फुल तिकिटांचा भरतो का? तुझी आठ फुल हायेत आणि चार पाऊण."

पाऊण! दीड म्हणजे दोनाचं पाऊण, हे मला बीएस्सीच्या गणितात सुचलं नव्हतं. आठ फुल आणि चार पाऊण, म्हणजे एकूण अकरा तिकिटं. २२ क्रेडिट. आता हिशोब नीट लागला. लेखीची बेरीज ४६, तिला दोनाने गुणून ९२. प्रॅक्टिकलची ३५, तिला दीडने गुणून ५२.५. एकूण १४४.५. भागिले २२, बरोबर ६.५७. माझे चांगले मार्क सगळे पाऊण तिकिटावर बसलेले होते आणि वाईट मार्क फुल तिकिटावर. साध्या सरासरीने मी स्वतःलाच फसवलं होतं.

अण्णांनी आयुष्यभर वेबिल, म्हणजे फेरीच्या तिकिटांच्या हिशोबाचा कागद, भरलंय. आता हातात मशीन असतं, पण आधी तिकिटांचा ट्रे आणि पंच असताना फेरी संपली की कुठल्या किमतीची किती तिकिटं गेली ते मांडून रोकड जुळवायची. पाच रुपये कमी आले तर खिशातून. त्यांनीच मला सांगितलं की सरासरी कशाला काढतेस दरवेळी, शिल्लक धर. किती लागतात आणि किती जमलेत, एवढंच बघ.

ही शिल्लक पद्धत मी तिथून पुढे पाळली आणि अजून कुणी विचारलं तर हीच सांगते. साडेसातचा सीजीपीए हवा, तर प्रत्येक सत्राच्या २२ क्रेडिटना १६५ पॉइंट लागतात. पहिल्या सत्रात माझे १९८.५ झाले होते. दुसऱ्यात १४४.५. दोन्ही मिळून ३४३, लागत होते ३३०. शिल्लक १३. सीजीपीए ७.८०, म्हणजे शिष्यवृत्ती चालू. पण ती १३ ची शिल्लक ऑनलाइन परीक्षेची कृपा होती, आणि ती परीक्षा आता परत येणार नव्हती.

आमच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षी चारांपैकी एक विषय सुटायचा. मी इलेक्ट्रॉनिक्स सोडलं. केमिस्ट्री, फिजिक्स, गणित ठेवलं. सगळ्यांनी वेड्यात काढलं. गणित ठेवायचं कारण सांगायचं तर मला फिजिक्स करायचं होतं आणि गणिताशिवाय फिजिक्सला काय अर्थ. या वर्षी सगळे पेपर २ क्रेडिटचे, अकराच्या अकरा फुल तिकिटं, त्यामुळे हिशोब सोपा झाला. निकाल सोपा नव्हता. तिसऱ्या सत्रात केमिस्ट्री ८, ७ आणि प्रॅक्टिकल ९. फिजिक्स ७, ६, ९. गणित ५, ४, ८. पर्यावरण ८, मराठी ९. बेरीज ८०, दुप्पट १६०. लागत होते १६५. शिल्लक १३ वरून ८ वर.

रविवारी फोन आला की अण्णा आता 'बरी हायेस का' च्या आधी 'शिल्लक किती' विचारायला लागले होते.

तिसऱ्या सत्राच्या निकालानंतरच्या सुट्टीत घरी बसून मी एक काम केलं, जे खरं तर पहिल्याच वर्षी करायला हवं होतं. प्रत्येक पेपर ५० मार्कांचा, १५ अंतर्गत आणि ३५ लेखी. ५० पैकी किती मार्कांना कुठला ग्रेड, ते मी एका खाली एक लिहून काढलं. २० ला ४. २३ ला ५. २५ ला ६. २८ ला ७. ३० ला ८. पुढे थेट ३५ ला ९, आणि ४० ला १०. चाळीसच्या वर पन्नासपर्यंत काहीच नाही.

लिहून झाल्यावर मी बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले. वीसवरून तीसवर गेलं तर चार पॉइंट मिळतात. तीसवरून चाळीसवर गेलं तर दोनच. आणि चाळीसवरून पन्नासवर गेलं तर शून्य. मार्क तेवढेच, दहा. मी काय करत होते? केमिस्ट्री येते म्हणून केमिस्ट्रीच वाचत होते. ३३ चे ३४ करत होते, दोन्हीला ८ च. जिथे तीन मार्कांना एक पॉइंट सुटा मिळत होता त्या गणिताला मी संध्याकाळी थकल्यावर हात लावायचे. साडेसात म्हणजे पंच्याहत्तर टक्के हेही त्याच पानावर खोटं पडलं. ६० टक्क्यांनाच ८ पॉइंट मिळतात. सगळ्या पेपरात पन्नासपैकी फक्त तीस पडले तरी सीजीपीए आठ झाला असता. मला हुशार असायची गरजच नव्हती, फक्त कुठे खोल पडायचं नव्हतं.

हे कळल्यावर अभ्यासाचं वेळापत्रक उलटं केलं. आणि इथे एक कबुली द्यायला हवी. त्या पानाने माझी शिष्यवृत्ती वाचवली असेल, पण त्याने मला वाईट सवयही लावली. ऑरगॅनिकच्या पेपरात ३६ नक्की आहेत असं वाटलं की मी शेवटचा धडा सोडून द्यायचे, कारण चाळीस होणार नाहीत आणि पस्तीसला धोका नाही. तो धडा मला अजूनही येत नाही. केमिस्ट्रीच्या सरांनी एकदा विचारलं की तू एवढी बरी मुलगी, शेवटचा प्रश्न प्रत्येक वेळी कोरा का सोडतेस. काय सांगणार!

आमच्या खोलीतल्या दुसऱ्या मुलीचं प्रकरण याच सुमारास झालं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिला केंद्र सरकारची शिष्यवृत्ती होती, बारावीला बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये येणाऱ्यांना मिळते ती. पदवीला वर्षाला १२,०००. ती घेतली की दुसरी कुठली घेता येत नाही. दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण, आणि त्याला ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी. माझ्या मानाने अट सोपी वाटेल. पण पोर्टलला हवी टक्केवारी, आणि तिच्या गुणपत्रिकेवर सीजीपीए ५.७. तिचं विद्यापीठ वेगळं.

ती सायबर कॅफेत गेली. तिथल्या मुलाने नेटवर शोधून सूत्र लावलं: सीजीपीएतून ०.७५ वजा करा, दहाने गुणा. आलं ४९.५. अर्ध्या टक्क्याने गेली. ती रडतच खोलीवर आली. आम्ही चौघीजणी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. एकीने सांगितलं की सरळ दहाने गुणतात, म्हणजे ५७. दुसरी सीबीएसईची, ती म्हणाली आमच्या बोर्डात पूर्वी दहावीला साडेनऊने गुणायचे, म्हणजे ५४.१५. एकाच मुलीचे एका रात्रीत तीन निकाल लागले! सकाळी कळलं की कॅफेवाल्याने लावलेलं सूत्र एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेचं, इंजिनिअरिंगसारख्या तांत्रिक अभ्यासक्रमांसाठीचं. ही साधी बीकॉम. शेवटी तिच्या कॉलेजच्या परीक्षा विभागाने प्रत्यक्ष मार्कांची बेरीज करून शिक्क्यानिशी लिहून दिलं, ५३ टक्के. अर्ज पुढे गेला. हजेरीत मात्र ती ७६ वर होती, ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तापाने आणखी एक आठवडा झोपली असती तर सूत्रांचा काथ्याकूट वायाच गेला असता.

चौथं सत्र. गणिताचे दोन पेपर, लिनिअर अल्जेब्रा आणि वेक्टर कॅल्क्युलस. तक्ता भिंतीला चिकटवलेला, अभ्यास बरा चालू. आणि मार्चमध्ये रेणापूरला मावसबहिणीचं लग्न निघालं. नेमकी तेव्हाच वेक्टर कॅल्क्युलसची अंतर्गत चाचणी. आई म्हणाली, ये. मीही म्हटलं, दहा मार्कांची तर चाचणी आहे, नंतर देऊ. नुकतंच बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळे मावश्या-आत्या झाडून सगळ्या लग्नाला होत्या; अण्णा म्हणत होते, गाडीत पाय ठेवायला जागा नाही आणि मशीनमधून नुसती अर्धीच तिकिटं निघतायत. मजा आली. परत आल्यावर सरांनी चाचणी परत घेतली खरी, पण तयारी नव्हती. अंतर्गत पंधरापैकी ८ पडले.

निकाल जुलैत लागला. वेक्टर कॅल्क्युलस, लेखी १३. एफ.

गंमत बघा, ८ आणि १३ मिळून २१ होतात. पन्नासपैकी २१ म्हणजे ४२ टक्के, पासच की. पण लेखीत स्वतंत्रपणे ४० टक्के लागतात, ३५ पैकी १४. एका मार्काने मी नापास होते आणि न्यासाच्या दोन्ही अटी एकदम मोडत होत्या. त्या रात्री जेवले नाही. वही काढली, सवयीने.

बाकी दहा पेपरांची बेरीज ७४. हा पेपर शून्य धरला तर १४८ पॉइंट. शिल्लक ८ धरूनही सीजीपीए साडेसातच्या खाली, ७.४० च्या आत. आता पुनर्मूल्यांकनात एक मार्क वाढला असं धरू. १४ अधिक ८, बावीस. बावीसला ४ पॉइंट. बेरीज ७८, दुप्पट १५६. आधीचे ५०३ मिळवून ६५९, भागिले ८८. ७.४८८. म्हणजे ७.४९.

मी परत केलं. परत तेच. पास व्हायला एक मार्क हवा होता, पण शिष्यवृत्तीला दोन. दोन वाढले तर तेवीस, तेवीसला ५ पॉइंट, ६६१ भागिले ८८, ७.५१. लग्नाला न जाता त्या चाचणीत आणखी एक मार्क मिळवला असता तर हा जास्तीचा मार्क लागला नसता. (आईला हे मी अजून सांगितलेलं नाही. बहिणीचा संसार सुखाचा चाललाय, कशाला उगाच.)

दुसऱ्या दिवशी न्यासाच्या कचेरीत गेले. तिथे एक काका बसायचे, चष्मा कपाळावर ठेवून कागद वाचणारे. मी सांगितलं, पुनर्मूल्यांकनाला टाकतेय, निकाल तुमच्या ३१ ऑगस्टच्या मुदतीच्या आत येईल असं वाटत नाही.

"अर्ज लिहून दे बाळ. पुनर्मूल्यांकनाची पावती जोड. मार्क वाढले तर बघू."

"आणि नाही वाढले तर?"

"तर मग नाही." त्यांनी चष्मा खाली घेतला. "पण निकाल येईपर्यंत तुझी फाइल मी खाली घालणार नाही, वर ठेवतो." आणि खरंच त्यांनी ती गठ्ठ्यातून काढून टेबलाच्या कडेला वेगळी ठेवली. एवढं बघून मला रडू आलं.

आधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवायची, ती बघून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा. प्रत आली तेव्हा उघडायचा धीर होईना. गणिताच्या सरांकडे घेऊन गेले. त्यांनी पानं उलटली आणि चौथ्या पानावर थांबले. ग्रीनच्या प्रमेयावरचं उदाहरण. मी पूर्ण सोडवलेलं, उत्तरही बरोबर. त्यावर बरोबरची खूण नाही, चुकीची नाही, गुण नाही. लाल शाई तिसऱ्या पानावर संपत होती आणि पाचव्यावर पुन्हा सुरू होत होती. दोन पानं चिकटून उलटली गेली असतील. सर म्हणाले, "याला दोन तरी मिळायलाच हवेत." दोनच हवे होते मला. त्यांना हे माहीत नव्हतं.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. पहिला हप्ता अडकलेला. मेसच्या मावशींना तोंड दाखवायची लाज वाटायची, म्हणून मी सगळ्यात शेवटी जेवायला जायचे. एकदा त्यांनीच हटकलं. "पैसे येतील तेव्हा दे, पण गरम असताना जेव. शेवटी येतेस आणि पोळ्या संपल्या म्हणून भात खाऊन जातेस, मला दिसत नाही का?" अण्णा दर रविवारी विचारायचे आणि मी म्हणायचे, हिशोब लागला नाही अजून.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोर्टलवर नवा निकाल दिसला. लेखी १६. एकूण २४. ग्रेड सी, ५ पॉइंट. चोवीस काय नि तेवीस काय, पॉइंट तेवढेच, हे मला आता झोपेतही माहीत होतं. सीजीपीए ७.५१. लागत होते ६६०, जमले ६६१.

अण्णा ड्युटीवर होते. मागे गाडीचा धडधडाट, कुणीतरी सुट्ट्यांवरून वाद घालत होतं.

"शिल्लक किती?"

"एक."

"एक म्हणजे एक?"

"एक."

"हाय ना शिल्लक? मग झालं," म्हणाले आणि बेल मारली. मला ती घंटा फोनवर स्पष्ट ऐकू आली.

हप्ता नोव्हेंबरात जमा झाला. काकांनी फाइल बंद करताना ७.५१ वर पेन्सिलीने गोल केला, बोलले काही नाहीत.

या सगळ्यात एक गोष्ट हिशोबाच्या बाहेर घडून गेली होती. तिसऱ्या वर्षाला एकच विषय घ्यायचा होता आणि तो फॉर्म निकाल लटकलेला असतानाच भरायचा होता. मला फिजिक्स आवडायचं आणि केमिस्ट्री परवडायची. फिजिक्सच्या लेखीत माझे सहा-सात, केमिस्ट्रीत सात-आठ. वर्षाच्या मधल्या, दुसऱ्या हप्त्याला पाचव्या सत्राचा निकाल दाखवावा लागतो आणि हातात शिल्लक, झालीच तर, एक. मी केमिस्ट्री लिहिलं. फिजिक्सच्या मॅडम जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "मला वाटलं होतं तू येशील." मी म्हटलं, लॅबच्या वेळा जमत नव्हत्या. न्यासाची अट चुकीची होती असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे पैसे मोजके आणि अर्ज ढीगभर, कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण रेघेच्या इतक्या जवळ उभं राहिलं की माणूस आवडीचं बघत नाही, पायाखालचं बघतो. हे मला तेव्हाही कळत होतं आणि फॉर्मवर सही करताना हात थरथरला बिरथरला नाही, सरळ केली.

तिसरं वर्ष त्या मानाने सरळ गेलं. सगळे पेपर ओळखीचे, तक्ता भिंतीला, पाचव्या सत्रात १७६ आणि सहाव्यात १७८. शिल्लक १२, मग २५. शेवटच्या सत्राला तर न्यासाचा संबंधच नव्हता, पैसे मिळून गेले होते, कुणी विचारणार नव्हतं. त्या एका सत्रात मी ऑरगॅनिकचा शेवटचा प्रश्न लिहिला. ४१ पडले. अण्णा म्हणाले, पंचवीस उरले, आता ते कुठं जमा करायचे? मी म्हटलं, डेपोत.

अंतिम सीजीपीए ७.६९. वही आता खालच्या खोलीतल्या लातूरच्याच एका मुलीकडे आहे. तिला नव्या धोरणाचा अभ्यासक्रम आहे, क्रेडिटची मांडणी वेगळी, पण फुल आणि पाऊण तिला एका मिनिटात कळलं. तिचे वडील आडतीवर हमाल आहेत, वजनाचं गणित घरातलंच.

मी सध्या नोकरीचे अर्ज भरतेय. परवा एका औषध कंपनीच्या अर्जात रकाना होता, पदवीची टक्केवारी, दोन दशांश स्थळांपर्यंत. ७.६९ म्हणजे किती टक्के? तीन सूत्रांनी तीन उत्तरं आली, मी तिन्ही एका कागदावर लिहून ठेवली आणि अर्ज अर्धवट जतन केला. उद्या कॉलेजात जायचंय, शिक्क्यानिशी लिहून आणायला. खिडकी साडेदहाला उघडते, पण मॅडम अकराला येतात.